साठ ओहम आले, तरी गाडी मुकीच

आधीच सांगून टाकतो, हा फॉल्ट मीच घातलेला होता. मुद्दाम नाही, पण हात माझाच. आठ महिन्यांपूर्वी एका गाडीची बॅटरी बदलताना वायरिंगची एक क्लिप तुटली आणि नवी बसवायची राहिली. त्या दोन रुपयांच्या क्लिपपायी माझे चार दिवस, गिऱ्हाइकाच्या तीन चकरा आणि सप्तशृंगी गडाची एक वारी खर्ची पडली. मजुरी घेतली नाही. कुठल्या तोंडाने घेणार?

आमचं गॅरेज अंबड लिंक रोडला. म्हणायला गॅरेज, खरं तर ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. इंजिन खोलायचं काम निघालं तर आम्ही शेजारी पाठवतो. दुकान बाबांनी सुरू केलं. त्यांची हत्यारं तीन: टेस्ट लॅम्प, पक्कड आणि दात. वायर ते दातांनी सोलायचे. आता वय सत्तरीपार, पण सकाळी अकराला चहा प्यायला येतातच, आणि मी गाडीला लॅपटॉप जोडून बसलेला दिसलो की विचारतात, "काय, आज कोणता सिनेमा?"

गाडी दिंडोरी तालुक्यातल्या एका नानांची. द्राक्षाचा बाग, पावसाळ्यात टोमॅटो. डिझेल एसयूव्ही, २०१९ ची. कंपनी कोणती ते सांगत नाही, कारण गाडीचा दोषच नव्हता. नवरात्राला आठ-दहा दिवस होते तेव्हा नाना आले. उतरल्या उतरल्या म्हणाले, "मिस्तरी, गडाच्या वाटेला लागलं की हिच्या अंगात येतं."

अंगात येतं म्हणजे असं. आधी मीटरमधले सगळे काटे शून्यावर पडतात. मग एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, चेक लाइट, जेवढे म्हणून दिवे आहेत तेवढे पेटतात. स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. इंजिन मात्र चालू राहतं. घाबरून गाडी बाजूला घेऊन बंद केली, तर परत सेल्फ घेत नाही. मग दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, किल्ली काढून पुन्हा लावायची, आणि गाडी अशी चालू होते जणू काही झालंच नाही. बोनेटवर कुंकू लावून झालं होतं. एका मोठ्या वर्कशॉपने स्कॅनर मारून एबीएसचं मॉड्यूल, म्हणजे ब्रेक सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, बदलायला सांगितलं होतं, अंदाज ५६ हजार. नाना म्हणाले, "एवढ्यात माझी एक फवारणी होते भो."

मी स्कॅनर लावला. ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, यू०१२१ हा कोड, म्हणजे एबीएसशी बोलणं तुटलं. मीटरमध्ये यू०१०० आणि यू०१२१, म्हणजे इंजिनशीही तुटलं आणि एबीएसशीही. स्टिअरिंगच्या मॉड्यूलमध्ये यू०१००. खुद्द एबीएसमध्येही यू०१००, शिवाय मीटर ऐकू येत नसल्याचा यू०१५५. वर्कशॉपवाल्याने बहुतेक पहिला कोड वाचला आणि थांबला. मी त्याला फार नावं ठेवणार नाही, कारण पुढे मीही तसाच एका ठिकाणी थांबलो.

यू ने सुरू होणारे कोड वाचताना माणूस हमखास फसतो. पी ने सुरू होणारा कोड बहुतेक वेळा आपल्याच घरातलं दुखणं सांगतो, अमुक सेन्सरचा व्होल्टेज कमी आला वगैरे. यू चा कोड ही शेजाऱ्याने केलेली तक्रार असते. यू०१२१ मध्ये एबीएस बिघडलं असं कोणीच म्हणत नाही. इंजिन एवढंच म्हणतं की मला एबीएसचा आवाज यायचा थांबला. मी नांदुरीहून बायकोला फोन लावला आणि लागला नाही, तर तिचा फोन बिघडला असेल, माझा बिघडला असेल, किंवा टॉवर नसेल. म्हणून सगळ्या मॉड्यूलच्या तक्रारी एका कागदावर मांडायच्या आणि बघायचं की बोट कोणाकडे आहे. सगळ्यांचं बोट एकाकडे असेल तर त्या एकाचा फ्यूज, त्याचं अर्थिंग, त्याच्याकडे जाणारी फांदी. नानांच्या गाडीत प्रत्येकाचं बोट प्रत्येकाकडे होतं. अशा वेळी माणसं ठीक असतात, रस्ता तुटलेला असतो.

मी नानांना म्हटलं, "कॅनचा प्रॉब्लेम दिसतोय." नाना म्हणाले, "कॅन? दूध तर आम्ही मोटारसायकलवर घालतो."

मग त्यांना समजावून सांगावं लागलं, तेच इथे लिहितो. जुन्या गाडीत प्रत्येक कामाला वेगळी वायर असायची. बाबांच्या टेस्ट लॅम्पचं राज्य होतं ते. बल्ब पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. आता गाडीत वेगवेगळे छोटे कॉम्प्युटर बसलेत, आणि ते सगळे एकाच दोन वायरींच्या जोडीवर एकमेकांशी बोलतात. चाकाचा वेग एबीएसला कळतो, ते वायरीवर ओरडून सांगतं. मीटर ते ऐकून काटा हलवतं, इंजिनही ऐकतं, स्टिअरिंगही ऐकतं आणि वेगाप्रमाणे हलकं-जड होतं. या बोलण्याच्या पद्धतीचं नाव कॅन. बॉश कंपनीने १९८३ मध्ये तिच्यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटला ती जगासमोर मांडली. हे मी गिऱ्हाइकांना थोड्या अभिमानाने सांगतो, कारण त्याच बॉशचा कारखाना आमच्या सातपूरला आहे. नाशिकमध्ये अजून कोणी बॉश म्हणत नाही, मायकोच म्हणतात. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदललं, पण मायको सर्कल काही बॉश सर्कल झालं नाही. माझा मामा तिथे नोझलच्या लाइनवर होता. त्याला कॅन कशाशी खातात ते माहीत नव्हतं, पण म्हणून काय झालं.

दोन वायरी, कॅन हाय आणि कॅन लो. कोणी बोलत नसेल तेव्हा दोन्ही अडीच व्होल्टवर असतात. बोलताना हाय साडेतीनपर्यंत वर जाते, लो दीडपर्यंत खाली येते. ऐकणारा फक्त दोघींमधला फरक बघतो. या दोन वायरींना पीळ दिलेला असतो, म्हणजे अल्टरनेटरचा किंवा हॉर्नचा जो काही खडखडाट येईल तो दोघींवर सारखाच येतो. दोन भाऊ अंगणात उभे करा नाहीतर गच्चीवर, त्यांच्या उंचीतला फरक तेवढाच राहतो. तसंच.

"आणि सगळे एकदम बोलले तर?" नानांनी विचारलं. चांगला प्रश्न. पिंपळगावच्या मार्केटात टोमॅटोच्या कॅरेटवर बोली लागते तेव्हा मोठा आकडा जिंकतो. इथे उलटं. प्रत्येक निरोपाला नंबर असतो, आणि दोघांनी एकदम तोंड उघडलं तर लहान नंबरवाला पुढे जातो. दुसरा मध्येच गप्प होतो आणि लाइन मोकळी झाली की परत बोलतो. कोणाचा निरोप चिरडला जात नाही. सेकंदाला पाच लाख बिट एवढ्या वेगाने हे चाललेलं असतं. नाना म्हणाले, "मग आडत्यांना पण हेच शिकवा."

असो. पहिल्या दिवशी मी काय केलं ते सांगतो, कारण चूक तिथेच सुरू झाली.

स्टिअरिंगखाली जो सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्यात सहा नंबरची पिन कॅन हाय आणि चौदा नंबरची कॅन लो. चार आणि पाच अर्थिंग, सोळावर बॅटरीचा प्लस. किल्ली काढली, दहा मिनिटं गाडी झोपू दिली, मग बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि सहा-चौदामध्ये मल्टिमीटरने ओहम, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजले. बॅटरी काढल्याशिवाय ओहम मोजू नका, मॉड्यूल जागी असताना मीटर काहीही आकडा दाखवतो आणि आपण त्याचा अर्थ लावत बसतो. आकडा आला ६०.३. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, दोन्ही जागेवर असतील तर करंटला दोन वाटा मिळतात, म्हणून अडथळा निम्मा, साठ. एकशेवीस आले तर एक टोक तुटलं. शून्याच्या जवळ आले तर हाय आणि लो एकमेकींना चिकटल्या. साठ म्हणजे देव पावला.

परत बॅटरी जोडून किल्ली ऑन केली. हायवर २.६, लोवर २.४. साधा मीटर एवढ्या वेगाचं बोलणं पकडू शकत नाही, तो सरासरी दाखवतो. पण दोघींची बेरीज पाचच्या आसपास आली की बरं चिन्ह. म्हटलं, वायरिंग ठीक.

एकशेवीसचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. दोन पावसाळ्यांमागे एक छोटी हॅचबॅक आली, पाऊस पडला की मीटर नाचायचं. ओहम एकशेवीस. एक टोक त्या गाडीत मीटरमध्ये होतं आणि दुसरं इंजिनच्या ईसीएममध्ये. ईसीएमचा कपलर काढला तर आतून पाणी ओघळलं, पिना हिरव्यागार. वायपरखालच्या जाळीत पिंपळाची पानं तुंबून पाणी नको तिथे उतरत होतं. म्हणजे नेटवर्कच्या बिघाडाचं मूळ पार्किंगच्या झाडात. त्या बाईंना मी मॉड्यूल विकलं नाही, झाडू मारायला सांगितलं. अजून येतात.

आणि दुसरी गंमत, स्कॅनर अजिबात लागतच नाही म्हणून घाबरून येणारे लोक. पुष्कळ गाड्यांमध्ये या सॉकेटची सोळा नंबरची पिन आणि सिगारेट लायटर एकाच फ्यूजवर असतात. लायटरमध्ये स्वस्तातला चार्जर घालून फ्यूज उडवलेला असतो. स्कॅनरला करंटच नाही, तो बोलणार काय. दहा रुपयांचा फ्यूज.

तर नानांच्या गाडीत साठ ओहम. आता संशय कोणावर? डॅशबोर्डमध्ये मुलाने बसवलेला भला मोठा अँड्रॉइड स्टिरिओ होता. असल्या स्टिरिओला कॅनचा एक छोटा डबा येतो. स्टिअरिंगवरची बटणं चालावीत म्हणून बसवणारे तो गाडीच्या कॅनला जोडतात, बऱ्याचदा नुसती वायर सोलून, पीळ देऊन, वर टेप. इथेही तसंच होतं. मला एवढंच हवं होतं. डबा काढला, जोड नीट केले, म्हटलं घ्या, झालं. स्टिरिओही काढून ठेवला, म्हणजे शंकाच नको. चाचणीला गाडी पाथर्डी फाट्यापर्यंत फिरवली, मस्त.

चार दिवसांनी नानांचा फोन, गडाच्या तिसऱ्या वळणावरून. मागून आरडाओरडा ऐकू येत होता, बहुधा गाडीतल्या बायका. मधले चार दिवस गाडी शेतातून पिंपळगाव आणि पिंपळगावातून घर एवढीच धावली होती. सपाट रस्ता. म्हणजे माझा इलाज लागू पडला नव्हताच, आजाराला यायला जागा मिळाली नव्हती.

आता विचार केला तर वाटतं, नानांनी पहिल्याच वाक्यात उत्तर दिलं होतं. गडाच्या वाटेला लागलं की. मी ते श्रद्धेच्या खात्यात टाकलं आणि सॉकेटमध्ये मीटर खुपसला. घाट म्हणजे काय काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. चढ, खालचा गिअर, इंजिनवर जोर, वळणं. यातलं माझ्या दुकानासमोरच्या रस्त्यावर काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी नाना गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "चला, देवीच्या दारातच दाखवतो." मी, नाना आणि माझा पोऱ्या समीर. समीर मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन. त्याला जोडलेला ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची रेघ स्क्रीनवर काढणारं यंत्र, दोन चॅनलचा, यूएसबीवाला. अकरा हजारांना घेतला तेव्हा घरी चार दिवस अबोला होता. एक प्रोब सहा नंबरवर, एक चौदावर, दोन्हीचं अर्थिंग चारवर. ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, चांगल्या कॅनचं चित्र बघत राहावंसं वाटतं. वरची रेघ अडीचवरून साडेतीनला उडी मारते, त्याच क्षणी खालची दीडला बुडी मारते, जणू पाण्यात पडलेलं प्रतिबिंब. म्हसरूळ गेलं, दिंडोरी गेली, वणीत चहा झाला, प्रतिबिंब जसंच्या तसं. समीर कंटाळून पेंगायला लागला.

नांदुरी सोडून चढ लागला. नवरात्राची तयारी, रस्त्याकडेला बांबू आणि ताडपत्र्या पडलेल्या. एका उजव्या वळणावर नानांनी दुसरा गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला. काटे धाडकन खाली. दिव्यांची दिवाळी. नाना ओरडले, "आली बघा!" मी ओरडलो, "समीर, थांबव!" म्हणजे स्क्रीन थांबव. नानांनी गाडीच थांबवली. मागच्या जीपवाल्याने आमच्या तीन पिढ्यांचा उद्धार केला.

स्क्रीनवर दोन्ही रेघा तळाला झोपलेल्या. शून्य व्होल्ट, दोन्ही.

हे बघून मला जे वाटलं ते सांगता येत नाही, कारण एवढं स्वच्छ उत्तर आमच्या धंद्यात क्वचित मिळतं. हाय आणि लो एकमेकींना चिकटल्या असत्या तर दोन्ही रेघा अडीचच्या आसपास अडकल्या असत्या. लो एकटी बॉडीला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, लागली असती तर लो तळाला आणि हाय मात्र उड्या मारत राहिली असती, आणि बहुतेक वेळा गाडी तशीही चालते. प्लसला लागली असती तर रेघा वर गेल्या असत्या. दोन्ही तळाला याचा अर्थ एकच, हाय बॉडीला लागली आणि टोकांच्या रेझिस्टरमधून तिने लोलाही सोबत खाली ओढलं. आणि हाय-लोमधले ओहम तेव्हाही साठच असणार! कारण मी मोजत होतो दोघींमध्ये, आणि बिघाड होता एकीत आणि जमिनीत. नवरा-बायकोचं पटतं का विचारून घराचा पाया तपासल्यासारखं.

पंधरा मिनिटांनी गाडी आपोआप का सुधारते, तेही तिथेच नानांना सांगितलं. प्रत्येक मॉड्यूल आपल्या चुका मोजतं. निरोप पाठवला आणि वायरीवर तो उमटलाच नाही, की मोजणी आठाने वाढते. २५५ च्या पुढे गेली की मॉड्यूल स्वतःहून तोंड मिटून घेतं, लाइन बिघडवणारा मीच असेन तर दुसऱ्यांना त्रास नको म्हणून. तोवर वायर बॉडीपासून सुटलेली असते, पण ही मंडळी रुसलेलीच. शिवाय किल्लीची ओळख या गाडीत याच लाइनवरून इंजिनला पोचते, म्हणून सेल्फ नाही. गाडी झोपून उठली की पाटी कोरी. नाना म्हणाले, "म्हणजे हिच्यात माणुसकी आहे."

गडावर गेलोच होतो तर दर्शन घेतलं. बाबांना सांगितलं नाही, ते म्हणाले असते कामाच्या वेळेत.

आता कोणती वायर ते कळलं होतं, कुठे ते शोधायचं होतं. कॅनची जोडी डॅशबोर्डपासून बोनेटमध्ये, तिथून मागे, सगळीकडे फिरलेली. पण इंजिनने जोर लावल्यावरच होतं म्हणजे जागा इंजिनच्या आसपास. गॅरेजमध्ये बॅटरीच्या दोन्ही केबल काढल्या, मल्टिमीटर बझरवर टाकला, म्हणजे संपर्क झाला की तो वाजतो, एक टोक सहा नंबरवर, दुसरं बॉडीला. शांत. समीरला टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, दिली आणि इंजिन घाटात जसं एका अंगाला कलतं तसं हळूच कलवायला लावलं.

पीं.

सोडलं, बंद. कलवलं, पीं. मी बॅटरी उचलून बाजूला ठेवली, खाली नीट बघावं म्हणून. पुन्हा कलवलं, काहीच नाही. तीनदा केलं, मुकं. दहा मिनिटं आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग बाबा, जे चहा पीत बसले होते, म्हणाले, "बॅटरी होती तेव्हा वाजत होतं ना? मग ठेव परत." ठेवली. पीं.

बॅटरीच्या वजनाने पत्र्याचा ट्रे जरा खाली बसत होता. एबीएसकडे जाणारं वायरिंग त्या ट्रेच्या कडेवर टेकलेलं, आणि इंजिन कललं की टर्बोचा रबरी पाइप त्या वायरिंगला कडेवर दाबत होता. खरं तर ते वायरिंग तिथे नसायलाच हवं. कंपनीने ते एका क्लिपने चार बोटं वर धरून ठेवलेलं असतं. क्लिपचं भोक रिकामं होतं. आणि वायरिंग तात्पुरतं आवळून ठेवायला कोणीतरी एक निळा झिप-टाय लावला होता.

निळे झिप-टाय नाशिकमध्ये शेकडो लोक वापरत असतील. पण त्याचं शेपूट जळत्या सिगारेटने बोंडासारखं वितळवलेलं होतं, टोक हाताला लागू नये म्हणून. ही सवय माझी. सिगारेट सोडून सहा महिने झाले, त्याच्या आधीचं काम. समीरने वही काढायच्या आत मला तारीख आठवली होती. फेब्रुवारीत नाना द्राक्षाच्या गडबडीत होते, गाडी सेल्फ घेत नव्हती, त्यांच्या मळ्यात जाऊन बॅटरी बदलून आलो होतो. क्लिप काढताना तुटली. म्हटलं, सध्या टाय लावतो, नंतर बघू. नंतर कोण बघतो.

नानांना फोन करून सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं तुम्हीच निघालात. दुसरा असता तर भांडायला लागलं असतं."

दुरुस्तीचं काम तासाभराचं. वरचं नळीचं कवच घासून गेलेलं, आत हाय वायरचं प्लॅस्टिक नखाएवढं उडालेलं आणि तांबं चकाकत होतं. ट्रेचा रंग बॅटरीच्या ॲसिडने आधीच खाल्लेला, म्हणून पक्का संपर्क. अशा जागी नुसती टेप मारायचा मोह होतो. मी खराब तुकडा कापून तेवढ्याच लांबीची, तेवढ्याच जाडीची वायर डाक मारून जोडली, वर गरम करून आवळणारी स्लीव्ह. लोही तपासली, तिच्यावर चरा होता, तीही बदलली, पण तिचा जोड हायच्या जोडासमोर न घेता दोन इंच पुढे घेतला, म्हणजे उद्या काही झालं तरी जोडाला जोड लागणार नाही. आणि पीळ परत दिला, इंचाला साधारण एक. बरेच जण पीळ विसरतात, दोन वायरी सरळ रेषेत शेजारी शेजारी सोडून देतात. चालतं तसंही, पण मग कधीतरी गिऱ्हाईक सांगतं की हॉर्न वाजवला की मीटर नाचतं. ट्रेची कड घासून रंग दिला, नवी क्लिप आणली. क्लिपसाठी द्वारकेला तीन दुकानं फिरावी लागली, कारण दोन रुपयांची वस्तू कोणी ठेवत नाही.

मग बॅटरी जोडायच्या आधी तीन मापं: हाय ते लो साठ, हाय ते बॉडी बझर मुका, लो ते बॉडी बझर मुका. समीर टॉमीने इंजिन झुलवतोय आणि मी मीटरला कान लावून बसलोय, हे बघून शेजारचा मेकॅनिक विचारून गेला, की पाळणा कोणाचा.

घटस्थापनेनंतर तिसऱ्या माळेला नाना सगळं घर घेऊन गडावर गेले आणि वरून फोन केला. यावेळी मागून आरतीचा आवाज होता. जाताना येताना एकही दिवा पेटला नाही म्हणाले. नंतर एक दिवस येऊन स्टिरिओ परत बसवून घेतला. बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता, तरी मीच त्याला पहिला धरला होता. कॅनचा डबा आता नीट डाक मारून जोडलाय. त्यातलं घड्याळ मात्र साडेपाच तास मागे आहे, आणि ते पुढे कसं करायचं हे ना मला जमलं, ना समीरला. नाना म्हणतात राहू द्या, गाणी तर वेळेवर लागतात.